झिजणारा तळ : महायुद्धकाळातील पादत्राण-दुरुस्तीच्या सामग्रीची टंचाई

चामड्याच्या बुटाचे वरचे कातडे तेलपाण्याने राखले तर चार-पाच वर्षे सहज जाते. तळ मात्र रोज झिजतो. त्यामुळे ज्या समाजात लोक बूट घालून कामाला जातात, तिथे नव्या बुटांपेक्षा तळाचे कातडे, टाच, खिळे आणि मेणदोरा यांची गरज अधिक सातत्याची असते. युद्धकालीन अर्थव्यवस्थेवर लिहिणारे बहुतेक ग्रंथ उत्पादनाचे आकडे देतात. किती तोफा झाल्या, किती विमाने, किती लाख जोड लष्करी बूट. दुरुस्तीचे आकडे कोणी ठेवलेले नसतात, कारण दुरुस्ती कारखान्यात होत नाही. ती रस्त्याच्या कडेला, एका माणसाच्या मांडीवर होते. पदवी वर्गाला दोन्ही महायुद्धे शिकवताना आपणही हाच क्रम धरतो. प्रस्तुत लेखात क्रम उलटा घेतला आहे. युद्धात बूट कमी पडले याहून तळ कमी पडला, ही बाब अधिक मूलभूत आहे आणि ती भरून काढताना निरनिराळ्या राज्यांनी काय केले, यावरून त्या राज्यांचा स्वभाव कळतो, असे माझे प्रतिपादन आहे.

तळच का, हे आधी पाहिले पाहिजे. जनावराचे सगळे कातडे सारखे नसते. पाठीचा आणि पुठ्ठ्याचा भाग जाड व घट्ट असतो, पोटाचा आणि मानेचा सैल. चालताना टिकेल असा तळ फक्त जाड भागातूनच निघतो. तो कमावायलाही वेळ लागतो. वनस्पतींच्या सालीतील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, जाड कातड्यात आतपर्यंत मुरावे लागते. जुन्या हौद-पद्धतीने यात वर्ष जाई. विसाव्या शतकात झाडांचे दाट अर्क मिळू लागल्यावर काही महिने. वरच्या पातळ कातड्यासाठी क्रोमियमच्या क्षारांची झटपट पद्धत आली होती. आपल्याकडे मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ पासून तिचे प्रयोग केले. परंतु तळाच्या कातड्यासाठी सालीची जुनी पद्धतच प्रामुख्याने चालू राहिली. सारांश, युद्ध पुकारल्यावर बंदुकीचा कारखाना रात्रपाळीत चालवता येतो. हौदातले कातडे कुणाच्या हुकमाने लवकर पिकत नाही.

त्यात भूगोलाची भर पडते. ब्रिटन, जर्मनी, इटली यांपैकी कोणाच्याही घरच्या गुरांवर त्यांचे बूट भागत नसत. जाड कातडी दक्षिण अमेरिकेतून येत. तिथलेच केब्राचो नावाचे कठीण लाकूड अर्कासाठी येई. हिंदुस्थानी गुरे चणीने लहान, त्यांचे कातडे हलके. ते तळापेक्षा वरच्या भागाला योग्य. मद्रास इलाख्यात तरवडाच्या सालीने कमावलेली अशी कातडी ‘ईस्ट इंडिया किप्स’ या नावाने लंडनच्या बाजारात प्रसिद्ध होती. तरवड आपल्या वाचकांना निराळा सांगायला नको. दख्खनच्या कोरड्या माळावर पिवळ्या फुलांचे हे झुडूप सगळीकडे दिसते.

तळाशी मात्र आपल्या भागाचा संबंध दुसऱ्याच एका झाडामुळे आला. तो म्हणजे हिरडा. वाळलेल्या हिरड्यात वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतके टॅनिन असते. शिवाय त्यातील साखर आंबून हौदात सौम्य आम्ल तयार होते, त्याने कातडे फुगते आणि तळ भरदार होतो. म्हणून इंग्लंडमधील तळ कमावणारे कारखाने केब्राचो किंवा वॉटलच्या अर्कात हिरडा मिसळत. त्यांच्या व्यापारी यादीत हिरड्याच्या प्रती गावांच्या नावांनी ओळखल्या जात. जबलपूर, भीमुनिपट्टणम यांच्या बरोबरीने ‘व्हिंगोर्ला’ अशी एक प्रत होती. हे आपले वेंगुर्ले. बेळगावकडून घाट उतरून येणारा माल या बंदरात जहाजावर चढे. १८८८ च्या सुमारास रेल्वे मोरमुगावला पोहोचल्यावर वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला, पण प्रतीचे नाव इंग्रज चर्मकारांच्या तोंडी राहिले. लंडनच्या एखाद्या कारकुनाच्या बुटाखाली सह्याद्रीतला हिरडा होता, आणि तो वेचणाऱ्या माणसाच्या पायात बहुधा काहीच नव्हते.

१९१४ पूर्वीच्या व्यापाराचा नकाशा पाहिला तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. कलकत्त्याहून निघणाऱ्या कच्च्या कातड्यांचा मोठा भाग जर्मन व्यापारी पेढ्यांच्या हाती होता आणि माल हॅम्बुर्ग-ब्रेमेनकडे जाई. खेड्यात मेलेल्या जनावराचे कातडे सोडवणारा दलित, ते गोळा करणारा बेपारी, शहरातला आडतदार (हे दोघे बऱ्याच अंशी मुसलमान) आणि शेवटी बंदरावरचा जर्मन खरेदीदार अशी ती साखळी होती. समाजाने ज्या धंद्याला शिवू नये म्हटले त्यात हे दोन समाज एकत्र आले, आणि युरोपच्या पायांशी जोडले गेले. ऑगस्ट १९१४ मध्ये ही साखळी एका झटक्यात तुटली.

जर्मनीवर त्याचा परिणाम लवकर झाला. वाल्टर राटेनाऊ यांच्या पुढाकाराने त्याच महिन्यात युद्धमंत्रालयात कच्च्या मालाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि त्याच्या छत्राखाली चामड्यासाठी एक युद्धकालीन कंपनी स्थापन झाली. कातडी तिच्याकडे, तिच्याकडून लष्कराकडे. नागरी मोच्याच्या वाट्याला उरलेसुरले तुकडे. ब्रिटिश नाकेबंदीने दक्षिण अमेरिकेचे कातडे आणि केब्राचो दोन्ही अडवले. युद्धाच्या उत्तरार्धात लाकडी तळ, कागदी सुताचे कापड, जुन्या पट्ट्यांचे तुकडे असा सगळा संसार तळासाठी मांडला गेला. लाकडी तळ वाकत नाही; म्हणून तो आडवा कापून तुकडे जोडण्याच्या युक्त्या निघाल्या. जर्मन नोकरशाहीने या अनुभवातून जो धडा घेतला त्याचे फळ वीस वर्षांनी दिसले. त्याकडे पुढे वळू.

इकडे हिंदुस्थानात काय झाले? जर्मन गिऱ्हाईक गेले, पण ब्रिटिश सैन्याच्या बुटांसाठी किप्सची मागणी प्रचंड वाढली. १९१६ पासून सरकारने युद्धकचेरीसाठी हा माल ठरावीक दराने घेण्याची व्यवस्था केली. १९१७ मध्ये सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन म्युनिशन्स बोर्ड आले आणि चामडे त्याच्या कक्षेत गेले. कानपूरचा सरकारी खोगीर कारखाना आणि कूपर ॲलन कंपनी बुटांच्या व सामानाच्या कामात बुडून गेल्या. मागणी वाढताच साल अपुरी पडू लागली. तरवडाला पर्याय शोधण्यासाठी मैहर संस्थानात सालींचे मिश्रण करून पाहण्याचे प्रयोग झाले. १९१९ मध्ये कलकत्त्यात संशोधन-टॅनरी निघाली, ती याच गरजेतून.

ज्या संस्थेच्या पत्रिकेत हे लिहितो आहे तिच्या वाचकांना एक उपकथा सांगण्याचा मोह आवरत नाही. मद्रास इलाख्यातील उत्तर अर्काट जिल्ह्यातील वाणियंबाडी, अंबूर, मेलविशारम ही गावे मुसलमान चर्मव्यापाऱ्यांची. मेलविशारमची मुस्लिम शिक्षण संस्था १९१८ ची, वाणियंबाडीचे इस्लामिया कॉलेज १९१९ चे. मेलविशारमचे नवाब सी. अब्दुल हकीम आणि कानपूरचे हाफिज मुहम्मद हलीम, दोघेही कातड्याचे व्यापारी आणि दोघांचीही नावे शिक्षणसंस्थांना आहेत. वर्षे जवळजवळ आली म्हणून युद्धाच्या नफ्यातून महाविद्यालये उभी राहिली असे विधान मी करणार नाही. या घराण्यांची दानधर्माची परंपरा युद्धापूर्वीची आहे. पण लष्करी मागणीने चामड्यात पैसा आला, आणि त्या गावांत पैसा असला की तो मदरशाकडे, शाळेकडे जाई, हे दोन्ही खरे. ज्यांनी चुन्याच्या हौदात उभे राहून तो पैसा निर्माण केला त्यांची मुले त्या शाळांत किती गेली, हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे. दुसरे कोणी विचारील तेव्हा त्याचा सूर निराळा असेल.

युद्ध संपताच, १९१९ मध्ये, सरकारने कच्च्या कातड्यांच्या निर्यातीवर १५ टक्के जकात बसवली आणि साम्राज्यात कमावल्या जाणाऱ्या मालाला तीतून दोन-तृतीयांश सूट दिली. हेतू उघड होता : कलकत्त्याचे कातडे पुन्हा हॅम्बुर्गला जाऊ नये. ही योजना फसली आणि १९२३ मध्ये जकात सरसकट ५ टक्क्यांवर आली.

आपल्या खेड्यांत टंचाईचे रूप वेगळे होते. दख्खनच्या गावगाड्यात चांभार हा बलुतेदार. वहाणा शिवणे, तुटलेला अंगठा लावणे, मोटेची दुरुस्ती ही कामे तो सुगीच्या धान्यावर करी. दर कामाचा रोख दर नसे. कातड्याला बंदरावर भाव येऊ लागला तशी ही व्यवस्था आतून पोखरली गेली. बलुते ठरलेले, पण कातडे बाजारातून घ्यायचे. मोटेला लागणारे जाड कातडे आणि वहाणेच्या तळाचे कातडे एकाच जनावराच्या एकाच भागातून येते. पाण्यावर पीक अवलंबून असल्याने मोट आधी, वहाण नंतर. अशा टंचाईची नोंद कोणत्याही नियंत्रण-आदेशात सापडत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. प्रौढ माणसाला वर्षाला ६६ कुपने. पुरुषाच्या बुटाला ७, बाईच्या बुटाला ५ कुपने पडत. पुढे वार्षिक कुपने कमी होत गेली, आणि ओव्हरकोट घेतला की बुटाला हात आखडावा लागे. दुरुस्तीला मात्र कुपन लागत नसे. हे धोरण शहाणपणाचे होते, कारण एका नव्या जोडात जेवढे जाड कातडे जाते तेवढ्यात अनेक जोडांच्या टाचा आणि अर्धे तळ भागतात. व्यापार मंडळाने १९४३ मध्ये ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढली. त्या काळच्या प्रचाराचा सूर असा : ओले बूट विस्तवाजवळ सुकवू नका, टाच झिजू लागली की लगेच दाखवा, थांबू नका. स्वयंसेवी महिला संघटनांनी मुलांच्या लहान झालेल्या बुटांच्या अदलाबदलीची केंद्रे चालवली. बायकांच्या बुटांची टाच दोन इंचांहून उंच असू नये असा नियम झाला. उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांत लाकडी तळाचे ‘क्लॉग’ पूर्वापार होते. तेच आता दक्षिणेतल्या सभ्य स्त्रियांना सुचवण्यात आले आणि त्यांनी नाक मुरडले.

परंतु कुपन नसणे म्हणजे माल असणे नव्हे. दुरुस्तीच्या दुकानाला कातडे वाटपातूनच मिळे, आणि तरणे कारागीर सैन्यात गेलेले. बूट नव्याने घेता येत नाहीत म्हणून सगळे दुरुस्तीकडे वळले आणि दुरुस्ती हीच अडचणीची जागा झाली. अमेरिकेसारख्या गुराढोरांच्या देशातही फेब्रुवारी १९४३ मध्ये बुटांवर रेशन आले, माणशी वर्षाला तीन जोड, आणि त्याचे मुख्य कारण तळाच्या कातड्याची टंचाई हेच होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये ते उठले.

पर्याय म्हणून रबर होते. दोन युद्धांच्या मधल्या काळात रबरी टाच आणि क्रेपचा तळ सर्वत्र रुळला होता. मोच्याच्या पेटीत कातड्याच्या जोडीला रबराचे तुकडे आले होते. डिसेंबर १९४१ ते मे १९४२ या सहा महिन्यांत मलाया, डच ईस्ट इंडीज आणि ब्रह्मदेश जपानच्या हाती गेले, आणि जगाच्या नैसर्गिक रबराचा फार मोठा भाग दोस्तांना दुरावला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले ही लष्करी इतिहासातील तारीख आहे. ती मोच्याच्या धंद्याच्या इतिहासातीलही आहे. दोस्तांच्या ताब्यात आशियात रबराचे मोठे मळे उरले ते मुख्यतः सिलोन आणि त्रावणकोर-कोचीनचे. १९४२ मध्येच हिंदुस्थान सरकारने रबराच्या उत्पादनावर आणि विक्रीवर नियंत्रण आणले. केरळातल्या मळ्यातले रबर टायरकडे वळले. बाटानगरच्या कारखान्यातून स्वस्त रबरी-कापडी बूट शहरी मध्यमवर्गात नुकतेच पसरू लागले होते, त्या वर्गाला या नियंत्रणाची झळ पहिल्यांदा लागली असावी. मोच्याने यापुढे काय लावायचे? जुना टायर कापून लावायचा, तर टायरच कोणी टाकून देत नव्हते.

फ्रान्समध्ये पराभवानंतर चामडे जर्मनांनी उचलले. १९४१ च्या आरंभी बूट रेशनवर आले आणि लाखो लोक लाकडी तळावर चालू लागले. पॅरिसच्या फरसबंदीवर त्या तळांचा एवढा खडखडाट होई की मॉरिस शेवालिए याने त्यावर गाणेच गायले. इटलीची गोष्ट किंचित आधीची. अबिसीनियावरील आक्रमणामुळे राष्ट्रसंघाने १९३५ मध्ये निर्बंध लादले, तेव्हा फ्लॉरेन्सचा प्रसिद्ध बूटकार साल्वातोरे फेरागामो याला टाच-तळाच्या मधल्या कमानीसाठी लागणारी चांगली पोलादी पट्टी मिळेना. त्याने सार्डिनियाचे बूच वापरून टाच ते चवडा सलग भरीव तळ केला. आज ज्याला फॅशन म्हणतात त्याचा उगम एका पट्टीच्या टंचाईत आहे. टंचाईतून कल्पकता जन्मते, असे या उदाहरणावरून सांगण्याची प्रथा आहे. पुढचे उदाहरण पाहिल्यावर ती प्रथा मला सोडून द्यावीशी वाटते.

जर्मनीने पहिल्या युद्धाचा धडा विसरला नव्हता. १९३६ च्या चतुर्वार्षिक योजनेत परकीय चलन वाचवण्यासाठी आयात चामड्याला पर्याय शोधणे हे शांततेच्या काळातच सरकारी काम झाले. युद्धाच्या तोंडावर, ऑगस्ट १९३९ मध्ये, बूट परवान्याशिवाय मिळेनासे झाले. रासायनिक कारखाने कृत्रिम रबर, प्लास्टिक, चामड्याच्या चुऱ्याचे दाबलेले तक्ते असे नवेनवे पदार्थ तळासाठी देऊ लागले. प्रश्न उरला तो एवढाच की यांतले काय किती टिकते? प्रयोगशाळेत घासून पाहण्याची यंत्रे होती, पण त्यांचा निकाल आणि चालणाऱ्या माणसाचा निकाल जुळत नसे. पदार्थ पायाखालीच तपासावा लागे.

त्यासाठी राइशच्या आर्थिक विकास कार्यालयाने १९४० मध्ये बर्लिनच्या उत्तरेस साक्सेनहाउसेन छळछावणीत हजेरीच्या मैदानाभोवती सुमारे ७०० मीटरची वाट बांधून घेतली. वाटेवर काँक्रीट, कोळशाची राख, वाळू, चिखल, खडी, दगडी फरसबंदी असे वेगवेगळे तुकडे ओळीने होते, म्हणजे सैनिकाला युरोपात जे जे तुडवावे लागेल ते सर्व. कैद्यांच्या पायात निरनिराळ्या कंपन्यांचे नमुने घालून त्यांना दिवसभर त्या वाटेवर फिरवत. दिवसाला चाळीस किलोमीटरपर्यंत, पुष्कळदा पाठीवर ओझे देऊन, अपुऱ्या अन्नावर. शिक्षा म्हणून या तुकडीत पाठवले जाई. जो पडला त्याला मार बसे. अनेक जण तिथेच संपले. १९४३ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर पकडले गेलेले ब्रिटिश कमांडोही या वाटेवर चालवले गेले आणि १९४५ मध्ये मारले गेले. १९४४ च्या अखेरीस याच तुकडीवर थकवा मारणाऱ्या औषधांचा प्रयोग झाला. माणूस किती चालतो आणि तळ किती टिकतो, दोन्ही एकाच वहीत.

या विषयाचा सविस्तर अभ्यास जर्मन इतिहासकार आन्ने सुद्रो यांनी केला. नाझी काळातील बुटांवरील त्यांचा ग्रंथ २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका यांची त्यांनी तुलना केली आहे. त्यांच्या मांडणीतील मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की ही वाट म्हणजे एखाद्या विकृत अधिकाऱ्याची लहर नव्हती. ती एक व्यवस्थित चालणारी तपासणी-संस्था होती. नागरी कंपन्या नमुने पाठवत, शुल्क भरत, अहवाल घेत. अहवालात जो पदार्थ उतरला तो नागरिकांच्या बुटांसाठी मंजूर होई. एखाद्या जर्मन गावातल्या मोच्याने १९४३ मध्ये गिऱ्हाइकाच्या बुटाला जो काळा कृत्रिम तळ ठोकला, त्याची टिकाऊपणाची खात्री अशा रीतीने झालेली होती. मोच्याला हे ठाऊक नव्हते, गिऱ्हाइकाला तर नाहीच. इंग्रज गृहिणीच्या कुपनांच्या वहीशी या वाटेची तुलना करताना मी बराच काळ घुटमळलो. टंचाई दोघांकडे एकाच वस्तूची होती. एका राज्याने ती सगळ्यांमध्ये वाटून घ्यायला लावली, तीही कुरकुरत आणि लबाड्या होत; दुसऱ्याने ती अशा माणसांच्या पायांवर टाकली ज्यांना त्याने आधीच माणसांतून वगळले होते. साम्राज्य म्हणून ब्रिटनचा हात स्वच्छ होता असे यातून निघत नाही. लंडनच्या रांगेत न्याय होता. हिरडा वेचणारा त्या रांगेत नव्हताच.

साक्सेनहाउसेनच्या स्मारकात आज त्या वाटेचा काही भाग दाखवला जातो. खडी कुठे संपते आणि काँक्रीट कुठे सुरू होते ते पायाला कळते.